वस्तीवरचा तांब्या

भिंगार, ११ जानेवारी २०२६

ती. कला आत्यास,
वृषालीचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनवर तू ओरडतेस, मी रडते आणि मुद्दा राहूनच जातो, म्हणून लिहायला बसले. यंदाही मी जामखेडच्या डोंगरी सायकल शर्यतीत उतरते आहे. वाट गेल्या वर्षीचीच. जामखेडातून निघून डोंगराच्या कडेनं खर्ड्याला यायचं, तुझ्या वस्तीवरून चढ चढायचा आणि माळरानानं परत जामखेड. आई म्हणते, डेपोत कारकुनी करणारीनं असले उद्योग करू नयेत. आईला सायकलीची भीती वाटते, मला नाही.

दिपालीनंही नाव दिलंय. आमच्या दोन गल्ल्या पलीकडं राहते, पण वर्षभरात मी तिच्याकडं मान वळवून पाहिलेलं नाही. आधी रोज पहाटे आम्ही मिळून सराव करायचो. गेल्या वर्षी मी पुढं होते, तू आडवी आलीस, हँडल धरून माझ्या हातात भाकरी-ठेचा कोंबलास. मागून ती आली, तिलाही तू ओट्यावर बसवून खायला घातलंस. खाऊन झाल्यावर तिनं हात पुसले, माझा घास घेतानाचा फोटो काढला आणि शेवटी पंचांपुढं धरला. वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही, पाणीसुद्धा विकतच घ्यायचं, हा नियम. मी बाद झाले. तिनं खाल्लेल्याचा फोटो कुणाकडं नव्हता, म्हणून ती पहिली आली.

यंदा मला तिला हरवायचंच आहे, आणि तेही असं की पुन्हा सायकल बाहेर काढताना तिला माझी आठवण यावी. तुला एकच विनंती, त्या दिवशी रस्त्यावर येऊ नकोस. मामांना जय भीम सांग. रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझीच,
वृषाली


खर्डा, १९ जानेवारी

चि. वृषालीस,
कला आत्याचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचलं. मामांना वाचून दाखवलं, तर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. म्हणाले, ती पोरगी आपल्या ओट्यावर बसून जेवली आणि आपल्याच लेकीचा घात करून गेली, हे लई झालं. मी तर त्या दिवसापासून कुणाला ठेचा वाढताना हात आखडायला लागले आहे. माझ्या हातची भाकरी तिनं मागून घेतली होती, दुसरीही मागितली होती, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तर ऐक. बांधावरची बाभळ मामांनी तोडली आहे. काटे असे आहेत की चपलेतून आरपार जातात. आपल्या वस्तीआधीच्या उताराला वाट अरुंद होते. तिथं दोन फांद्या पडल्या तर वाऱ्यानं पडल्या असं कुणीही म्हणेल. तू जरा अंतर ठेवून ये, म्हणजे झालं. तिला पाणीसुद्धा विचारणार नाही, असंही मी लिहिणार होते. पण ते माझ्याच्यानं होणार नाही. आमच्या आज्याला पाटलाच्या आडावर दुपारभर उभं ठेवायचे आणि कुणाला दया आली तर वरून ओंजळीत ओतायचे. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असं त्यानं सांगून ठेवलंय. तेव्हा पाणी नाही तोडत, पण काट्यांना कुणाचा नियम नाही.

रात्री लवकर झोपत जा. तूप पाठवते आहे, आपल्या वस्तीवरच्या मच्छिंद्रच्या टेम्पोनं येईल.

तुझी आत्या,
कलाबाई


भिंगार, २७ जानेवारी

ती. आत्यास सविनय जय भीम. वि. वि.

तूप मिळालं. काटे मात्र तिथून उचल. आत्ताच्या आत्ता उचल आणि मामांना शपथ घाल. तिची चाकं बसली तर ती काट्यांमुळं हरली असं होईल, आणि मला तर ती माझ्यामुळं हरायला हवी आहे. ती घरी जाऊन नशिबाला बोल लावेल, हे मला अजिबात चालणार नाही.

मी रोज पहाटे चांदबिबीच्या महालाचा चढ काढते. मांड्या भरून आल्या की दिपालीचा तो फोटो डोळ्यांसमोर आणते, पाय आपोआप चालतात. ऑफिसात सगळे म्हणतात मी बारीक झाले. बारीक नाही झाले, धार लागली आहे.

तू घरात थांब, दार लावून घे, हवं तर भाकरी करून ठेव. संध्याकाळी मी येऊन खाईन. एवढं माझं ऐकलंस तर वर्षभर तुझं सगळं ऐकेन.

तुझी लाडकी आणि हट्टी,
वृषाली


खर्डा, १६ फेब्रुवारी

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद, जय भीम आणि पहिल्या नंबराचे पेढे.

काल संध्याकाळी तुम्हाला मंचावरच इतका उशीर झाला की भाकरी गार झाली. सायकलीवरच्यांना गाडीत घालून परस्पर नगरला नेणारे ते कोण शहाणे, ते मला एकदा कळू दे. असो. इथं काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

काटे मी उचलले होते. दारही लावून बसले होते, पण खिडकी लावली नव्हती. आधी दिपाली आली. वस्तीआधीच्या उताराला खड्ड्यात आदळून तिची पाण्याची बाटली कुठंतरी उडाली होती म्हणे. मागं जाऊन शोधावी तर तू पाठीवर. आपल्या दारापाशी येऊन ती थांबली आणि ओठांवरून जीभ फिरवत खिडकीतून आत बघू लागली. ऊन असं की मला आज्याचीच आठवण झाली. मी तांब्या भरला, बाहेर गेले आणि तिच्यापुढं धरला. मोठ्यानं म्हणाले, घे बाई, माझ्या घरचं पाणी आहे, विकतचं न्हाई. तेवढ्यात मच्छिंद्रनं मोबाईल वर केला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, तो तुझा फोटो काढायला उभा होता.

तिनं तांब्याकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. नियम तिनंच शिकवला होता आम्हाला. तशीच कोरडी चढावर गेली. पोरी, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या जिवाला जो गारवा वाटला तो वर्षभर वाटला नव्हता. पाठोपाठ तू आलीस. मी तांब्या पदराआड केला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. तुझ्या सायकलीचा आवाज गेला तेव्हाच वळले.

पुढं काय झालं ते सगळं लिही. एक ओळसुद्धा गाळू नकोस.

आनंदात असलेली,
तुझी कला आत्या


भिंगार, २१ फेब्रुवारी

ती. आत्यास सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसले. आता माझं ऐक, याहून गोड आहे.

चढ संपल्यावर माळावर ती दिसली. सायकल आडवी टाकून खाली बसली होती, चेहरा पांढराफटक. मी जवळ गेले तशी तिनं हात वर केला आणि घोटभर पाणी मागितलं. माझी बाटली अर्धी भरलेली होती. मी ती तिला दिसेल अशी वर धरली, स्वतः एक घोट प्यायले आणि म्हणाले, नियम आहे. तिचं तोंड बघायला तू हवी होतीस. मग जामखेडपर्यंत मी मागं पाहिलंच नाही. तिला नंतर संयोजकांच्या जीपनं आणलं, सलाईन लावलं, आता ती बरी आहे. फिटलं सगळं.

जिंकलेली,
तुझी वृषाली


खर्डा, २६ फेब्रुवारी

चि. वृषालीस जय भीम.

पत्र मामांना वाचून दाखवलं नाही.

तिच्याबद्दल मला कळवळा आलाय असं समजू नकोस. ती पोरगी मला आजही डोळ्यांसमोर नको. पण मी केलं ते आणि तू केलंस ते एक नाही. मी तांब्या पुढं धरला होता. तिनं घेतला नाही, तो तिचा हिशेब. तू बाटली दाखवून मागं घेतलीस. आपल्या घरात हे आजवर कुणी केलेलं नाही, आपल्याला मात्र पुष्कळांनी केलंय.

मच्छिंद्रबरोबर तोच तांब्या पाठवते आहे. भरून तिच्या दारी ने, पुढं धर, तिला पिऊ दे. आता शर्यत नाही, नियम नाही, नको म्हणायला तिला तोंडही नाही. ते पाणी पिऊन ती जन्मात तुझ्यासमोर मान वर करणार नाही. सूड घ्यायचाच होता तर असा घ्यायचा होतास.

आशीर्वाद आहेतच. बाकीचं तांब्या पोचल्यावर.

कलाबाई


भिंगार, ४ मार्च

ती. आत्यास सविनय जय भीम.

तांब्या घेऊन गेले. दार तिच्या आईनं उघडलं, मग ती आली, भिंतीला धरून चालत. मी तांब्या पुढं धरला. तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानं सगळा प्यायली. मान वर केली नाही. तू म्हणालीस तसंच झालं.

पण माझीही मान वर झाली नाही, आत्या. हे तू लिहिलं नव्हतंस.

रविवारच्या एसटीनं येते आहे. तांब्या बरोबर आणते. भाकरी गरम ठेव.

तुझी,
वृषाली