मुका कॉम्प्युटर कुठे मिळेल?

तीर्थस्वरूप वन्संना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? भावोजींचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. (थांबला नसेल तर मागच्या पत्रात कळवलेलं घरगुती औषध देऊ नका. ते इकडे यांना दिलं होतं. खोकला गेला, पण त्याच्याबरोबर तोंडाची चवही गेली.) इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुमच्या भावाला नवा कॉम्प्युटर घ्यायचा आहे, तोही खेळायला, आणि तो निवडता निवडता माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुम्हाला माहीतच आहे, वजनमापं तपासण्याच्या खात्यातून हे निवृत्त झाले आणि तपासायला घरात मी एकटी उरले. साखरेचा डबा, तेलाची बाटली, दूधवाल्याचं माप, काही म्हणून सुटलं नाही. एकदा साबणाची वडी काट्यावर ठेवून यांनी कारखान्याला तक्रारीचं पत्र धाडलं. त्यांनी माफी मागून एक वडी फुकट पाठवली. तिचंही वजन कमी भरलं. शेवटी शेजारच्या मोटार शिकवणाऱ्या काकांना दया आली (यांची नव्हे, माझी) आणि त्यांनी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर यांना एक ऑनलाइन खेळ लावून दिला. त्यात एक गड असतो. जोडीने खेळायचं. एकाने बुरुजावर उभं राहून दरोडेखोरांवर बाण सोडायचे, दुसऱ्याने खाली कोठारातून बाण पुरवायचे. जोडीदार कुठल्या गावचा, कोण, काही माहीत नसतं, नुसतं घेतलेलं नाव दिसतं. यांनी नाव घेतलं 'निरीक्षक'. नोकरी सुटली तरी हुद्दा सुटत नाही.

यांच्या जोडीदाराचं नाव 'उंदीर'. रोज दुपारी जेवणं आटोपली की उंदीर कोठारात हजर. यांना तो कॉलेजातला कुणी पोरगा वाटतो. "आज उंदराला सर्दी झालीय," "उंदीर म्हणाला, गर्दी होती, जेवायला उशीर झाला," असं मला स्वयंपाकघरात येऊन सांगतात. एकदा म्हणाले, "पोरं अशी असावीत, सांगितलेलं ऐकतात." तक्रार एकच, की उंदीर मोजायला कच्चा आहे. दहा बाण मागितले की अकरा देतो. मी आपली मान डोलावते आणि भांड्यांकडे तोंड फिरवते. कारण वन्सं, हा उंदीर म्हणजे आपली माऊ. माझी लेक. तुमची भाची. बसल्या जागी बसा, गुडघ्याला धक्का देऊ नका.

बाप-लेकीचं बोलणं बंद झालं तेव्हा तुम्ही ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतात, म्हणून नीट सांगते. माऊने तुमच्या गावात पाव-बिस्किटांचं दुकान काढलं त्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो होतो. गिऱ्हाइकांची ही गर्दी. यांनी कौतुकाने सगळं पाहिलं, आणि मग खिशातून (समारंभाला जाताना माणसं खिशात रुमाल ठेवतात) स्वतःची वजनं काढून तिच्या काट्यावर ठेवली. आणि खात्यातल्या आवाजात म्हणाले, "काटा खोटा आहे!" खरं तर तो काटा गिऱ्हाइकाला जास्त देत होता, नुकसान होतं ते माऊचं. पण गिऱ्हाइकांनी 'खोटा' एवढंच ऐकलं आणि पिशव्या घेऊन चालती झाली. माऊ म्हणाली, "बाबा, दोन पाव जास्त गेले असते तर काय आकाश कोसळलं असतं?" हे म्हणाले, "प्रश्न दोन पावांचा नाही." ती म्हणाली, "मग माझ्या दुकानात परत येऊ नका." पुढे सुताराने पाहिलं तर काटा ठणठणीत. ज्या टेबलावर तो ठेवला होता ते टेबल एका बाजूला कललेलं. हे मी यांना सांगितलं तेव्हा हे उठून गच्चीवर गेले. तेव्हापासून बाप-लेकीत एक शब्द नाही. मग मी फोनवर माऊला सहज या खेळाचं आणि 'निरीक्षका'चं बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी यांच्या गडावर उंदीर दाखल झाला. मी विचारलं तर म्हणाली, "मी फक्त बाण देते, आई. बोलत नाही." आता हे न बोलणं रोज दोन तास चालतं.

इथवर सगळं छान होतं. आमच्या कॉम्प्युटरचा आवाज केव्हाच गेला होता, त्यामुळे दोघं लिहूनच बोलायची. आता खेळाच्या कंपनीने कळवलंय की पुढच्या महिन्यापासून जुन्या मशीनवर खेळ चालणार नाही. नवीन घ्या. आणि नव्या खेळात म्हणे कुणी लिहीत बसत नाही, सगळे कानाला हेडफोन लावून तोंडाने बोलतात. माऊ नुसतं खाकरली तरी यांना ओळखू येईल! मग हे इकडून उठतील, ती तिकडून उठेल आणि बाणापुरतं का होईना जे चाललंय तेही संपेल. तेव्हा मी मनाशी ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचा, चांगला घ्यायचा, पण मुका घ्यायचा. देवासमोर हात जोडून आजवर सगळ्यांचं बरं मागितलं, कुणाची वाचा जावी असं पहिल्यांदाच मागितलं. मशीनच आहे, देव समजून घेईल.

पहिलं दुकान म्हणजे नुसता झगमगाट. कॉम्प्युटरच्या खोक्यांना काचेच्या भिंती, आत लाल-निळे दिवे, आतला सगळा संसार रस्त्यावरून दिसावा असा. एकेकाला तीन-तीन पंखे. (आमच्या घरात मिळून दोन आहेत.) विकणारा गळ्यात टाय बांधलेला. त्याला मी हळूच विचारलं, "आवाज नसलेला आहे का?" तो म्हणाला, "काकू, आमच्या पंख्यांचा आवाज येतच नाही." म्हटलं, पंख्यांचा येऊ दे, माणसांचा नको. तेवढ्यात यांनी खिशातून टेप काढली. पडद्यावर चोवीस इंच लिहिलेलं. यांनी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, चष्मा पुसून परत मोजलं. तेवीस पूर्णांक आठ दशांश.

"चोवीसच म्हणतात सर याला," विकणारा म्हणाला.

"म्हणतात म्हणजे? मी स्वतःला पस्तिशीचा म्हणालो तर चालेल?"

विकणारा हसला. हसायला नको होतं. यांनी दुकानातले सगळे पडदे मोजायला घेतले आणि आम्हाला अत्यंत नम्रपणे दारापर्यंत पोचवण्यात आलं.

दुसऱ्या दुकानात यांनी खोकं उचलून पाहिलं आणि विचारलं, "रिकामं असताना वजन किती?" तिथलं तेवढ्यावरच आटोपलं.

तिसरं दुकान लहानसं, चष्म्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. मालकीणबाई स्वतःच मशीन जोडून देतात. कपाळावर दिवा बांधून स्क्रू पिळत होत्या. खेळायला हवाय म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, की पैसा कुठे घालायचा तर पडद्यावर चित्रं पळवणाऱ्या ग्राफिक कार्डात, बाकीचं बेताचं चालेल. (म्हणजे घरात एकालाच साजूक खाऊ घालायचं आणि बाकीच्यांनी उरलंसुरलं घ्यायचं. मला पटलं.) दिव्यांचे रंग काढून टाकले तर किंमत उतरते का विचारलं, तर उतरते म्हणाल्या. बाई मला आवडल्या. मग यांना जरा पंख्यांपाशी उभं करून मी त्यांच्या कानाशी लागले, की आवाज नको, शेजारी आजारी असतात. (शेजारचे काका रोज पहाटे पळायला जातात. देवा, क्षमा कर.) बाई म्हणाल्या, आवाज सगळ्याच मशीनमध्ये असतो, पण हेडफोन घेतलाच नाही तर बोलणार कशात? तो किमतीतून वजा करते. न घेतलेल्या वस्तूबद्दल पैसे वाचण्याचं सुख काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण माझं सुख यांना बघवत नाही. बाईंनी एक जोडलेलं मशीन चालू करून दाखवलं. त्यात माहिती साठवायची जी डिस्क असते तिच्या खोक्यावर एक हजार जीबी लिहिलेलं आणि पडद्यावर दिसत होते नऊशे एकतीस. यांचा चेहरा असा उजळला, वन्सं, की निवृत्तीनंतर मी तो तसा पाहिला नव्हता. "एकोणसत्तर कमी!" म्हणाले, आणि पावती, कारखान्याचा पत्ता, सगळं मागू लागले. बाईंनी कपाळावरचा दिवा विझवला आणि शांतपणे सांगितलं, "काका, कारखाना हजाराने मोजतो आणि मशीन एक हजार चोवीसने. डिस्क तेवढीच आहे. मोजायची रीत दोघांची निराळी."

"मग खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही."

हे स्टुलावर बसले. पाणी मागितलं. आयुष्यभर ज्या माणसाने कमी भरलं की कुणीतरी लबाड असणारच असं मानलं, त्याला हे एकदम गिळवेना. येताना रस्त्यात यांनी भाजीवालीच्या काट्याकडेसुद्धा पाहिलं नाही! भाजीवालीनेच मला विचारलं, "साहेबांना बरं नाही का?" मशीन शुक्रवारी सकाळी घरी येणार आहे. तोवर माझा डोळ्याला डोळा लागणार नाही.

बाकी काही विशेष नाही. भावोजींना नमस्कार, लहानांना माझ्याकडून गालगुच्चे, आणि देवापाशी माझ्या नावाने दोन शब्द टाका, माझं खातं सध्या जरा ओढलेलं आहे.

तुमची,
भावजय

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलं. हेडफोन मी टाळला, पण हे उद्या दुसरीकडून आणतील, यांचा नेम नाही. म्हणून विनंती, की शुक्रवारी दुपारी तुमच्या जावईबापूंना माऊशेजारी बसवा. ती कागदावर लिहील ते त्यांनी माईकमध्ये बोलायचं. जावईबापू इतकं कमी बोलतात की यांना त्यांचा आवाज माहीतच नाही. एवढ्या वर्षांत त्या गुणाचा पहिल्यांदाच उपयोग होईल.

ता. क. दुसरा — वरचा ता. क. रद्द. पाकीट चिकटवणार तोच हे बाहेरून आले, हातात हेडफोन. चांगल्यातला, माईकवाला, वाचवलेले पैसे गेलेच वर आणखी घातले. मी म्हटलं, त्या उंदरासाठी एवढा खर्च? तर खुर्चीत बसून म्हणाले, "दहा मागितले की अकरा देणारा उंदीर जगात एकच आहे. लहानपणी माझ्या पानात पोळीसुद्धा एक जास्तच वाढायची."

"कधीपासून कळलंय?"

"पहिल्या आठवड्यापासून. म्हणून तर मोजून दहाच मागतो."

मग मी इतके महिने भांड्यांकडे कशाला तोंड फिरवत होते? विचारलं, की लिहून का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "चुकलं असं लिहिलं की टोमणा वाटतो. ते तोंडानेच सांगायला हवं." आता हे हेडफोन लावून आरशासमोर बसले आहेत. त्याची वायर कशालाच जोडलेली नाही. "हॅलो, मी बाबा," म्हणतात, घसा खाकरतात, परत म्हणतात. तेव्हा जावईबापूंना घरीच राहू द्या. यांना कळलंय असं माऊला सांगू नका, फक्त शुक्रवारी दुपारी तिने माईक लावावा एवढं बघा. सोबत यांनी स्वतःची पाणसळ दिली आहे (टेबल सपाट आहे का हे बुडबुड्यावरून दाखवते ती). ती दुकानात पोचवा. त्यामुळे हे पत्र आता पाकिटाऐवजी पार्सलमधून येईल.

ता. क. तिसरा — हे पार्सलच्या वरच्या कागदावर लिहीत आहे, पार्सलवाल्याच्या पेनाने. त्याने पार्सल काट्यावर ठेवलं. काटा जास्त दाखवतोय हे मलासुद्धा दिसलं. यांनी काट्याकडे पाहिलं, वाकून काट्याखालच्या टेबलाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पैसे भरले. वन्सं, मला आता यांच्या तब्येतीचीच काळजी वाटू लागली आहे.