इंजिनावरचा नंबर

मंगळवार, संध्याकाळ

बाळूमिस्त्रींनी आज बाबांच्या जुन्या अँबेसेडरसाठी वणीहून दुसरं इंजिन आणलं. नेमका नंबराच्या जागी ताजा रंग. तिथेच का? चोरीचं तर नसेल? ते चहाला गेल्यावर मी रंग खरवडला. नंबर आमच्याच आरसी बुकातला निघाला. म्हणजे इतके दिवस गाडीत होतं ते इंजिन आमचं नव्हतंच. मिस्त्रींनीच बदललं असणार. मी जाब विचारला.

"ताई, बाबांनाच विचारा."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "अण्णाच्या गाडीचं इंजिन गेलं होतं. माझं त्याला दिलं, त्याचं दुरुस्त करून मी वापरलं. आता ते बंद पडलं, म्हणून त्यानंच माझं परत पाठवलंय."

अण्णा म्हणजे वणीचे काका. वाटणीनंतर त्यांच्याशी बोलायचं नाही, असं आम्हाला बाबांनीच बजावलेलं. नंबरावर रंगही बाबांनीच लावायला सांगितला असेल. अजून काय काय लपवलंय, कोण जाणे.