केळीचा ट्रक जातो तिथे

सोमवार, दिवेलागणीची वेळ

एमबीबीएसच्या कॉलेजांचा पसंतीक्रम उद्या भरायचा आणि माझी पहिली ओळ अजून रिकामी. जळगाव की नागपूर? मार्कांत दोन्ही बसतात. डोकं नुसतं भणभणतंय.

आबांना यादी दाखवली, तर त्यांनी तीन गावांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या. मला वाटलं, कुणा डॉक्टरला विचारलं असेल. कसलं काय! जिथे आमच्या केळीचा ट्रक जातो, तिथे खूण. म्हणे, "ड्रायव्हर घरचा हाये, डबा धाडाले सोपं." म्हणून नागपूरला खूण आणि तासाभरावरच्या जळगावला नाही! असं कॉलेज निवडतात का? चिडलेच मी. पण मला तरी नागपूर कशावरून हवंय? हॉस्टेलचे फोटो बघून. आणि जळगाव? आईचे गुडघे दुखतात म्हणून.

आईला ती खूण दाखवली. ती म्हणाली, "नागपूरले कुठं जातो आपला ट्रक? कधीचं बंद झालं ते."

मग खूण का केली? ओट्यावर जाऊन आबांना सरळ विचारलं.

"तुले तिथंच जायाचं हाये ना?" ते वर न बघताच म्हणाले.

आईच्या गुडघ्यांबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. पहिली ओळ अजून रिकामीच आहे.