उलट बाजूचा लाल टाका

आई, तू जाऊन बावीस वर्षं झाली तरी कुकरमध्ये माझ्या हातून एक मूठ तांदूळ जास्तच पडतात. येणाऱ्याची मूठ, म्हणायचीस तू. इथे बंगळुरात, सर्जापूर रोडला, अकराव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईकडे कोण येतंय? तो भात मी दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकते आणि नाक मुरडत खाते. पण हे सांगायला मी लिहायला बसले नाही. गेल्या रविवारी जे झालं त्यानं माझी झोप उडाली आहे, आणि दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील.

इथल्याच शिवाजीनगरच्या घरातली ती दुपार आठवते? मी नऊ वर्षांची, दारात खडूनं रेघोट्या मारत बसलेय. तू आत रफूचं काम करतेस. माझ्यासमोर कोणाचे तरी धुळीनं भरलेले पाय थांबतात आणि मान वर न करताच मी म्हणते, "घरी कोणी नाही." तू सुई हातात तशीच धरून बाहेर येतेस. एक बाई, कडेवर मुलगी. घरात येशूची प्रार्थना करतात म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं, पाणी तोडलं होतं, नवऱ्याचा तर पत्ताच नव्हता. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी तिला तुझं नाव सांगितलं होतं. तू विचारलंस काय, तर "जेवलीस का?" संध्याकाळी शेजारचे कानडी अण्णा हळूच म्हणाले, "अक्का, हिच्या मागावर कोण आलं तर? स्वल्प विचार करा." तू म्हणालीस, "आले तर त्यांनाही जेवायला वाढते. सरी, चालेल ना?" अण्णा हसले नाहीत. ती होती ते नऊ दिवस दाराशी चाहूल लागली की मी खडू टाकून आत पळायचे. जाताना तू तिला तुझी हिरवी साडी दिलीस, पदराला तुझंच रफू असलेली. रफू संपलं की उलट बाजूला तू एक लाल टाका घालायचीस, आपला हात आपल्याला ओळखता यावा म्हणून. ती गेल्यावर मला जवळ बसवून म्हणालीस, "घाबरलीस म्हणून रागावत नाही गं. पण तू माणसाकडे न बघता नाही म्हणालीस." त्यापेक्षा दोन धपाटे घातले असतेस तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. "एक बाई आणि तिची लेक आहे, गावातून हाकललेली. चार दिवस ठेवून घ्याल का?" मी सोसायटीचे नियम पुढे केले. मग गेल्या रविवारी दुपारी एक वाजता फोन वाजला. आमच्या गेटवर कोणी आलं की त्याचा फोटो फोनवर येतो, खाली होकाराचं आणि नकाराचं बटण. मी कुकर उतरवत होते, घाईत नकार दाबला. मग फोटो नीट पाहिला. डोक्यावरून हिरवा पदर घेतलेला, त्यामुळे त्याची उलट बाजू कपाळापाशी आलेली, आणि तिथे लाल टाका. कडेवर मुलगी. आई, ती तीच होती. तेवढ्याच वयाची, आणि मुलगीही तेवढीच. मी चपला न घालता खाली धावले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, सुबह से कोई नहीं आया." फोनमध्येही नोंद नव्हती. पाळकसाहेबांना विचारलं, तर त्या दोघी अजून गावाबाहेरच्या एका शेडमध्येच होत्या, कोणी ठेवून घेईना म्हणून. वर येऊन मी कुकर उघडला. भात बरोबर माझ्यापुरता होता.

त्याच दिवशी पाळकसाहेबांना हो म्हणून कळवलं. आज त्या दोघी यायच्या आहेत, एक वाजेपर्यंत पोचतील म्हणाले. तांदूळ जास्त धुतलेत, फोन समोर ठेवलाय. फोटोत कोणता पदर दिसेल म्हणून त्याची स्क्रीन विझू देत नाहीये. हे पत्र घडी घालून तुझ्या सुयांच्या डब्यात ठेवेन, आणखी कुठे पाठवणार. फक्त वर एक खोटं लिहिलंय, ते खोडत नाही. घाईत दाबलं नव्हतं. फोटो आधी पाहिला, पदर पाहिला, टाकाही ओळखला. या वेळी मी बघून नाही म्हटलं, आई.