परत पाठवलेली लिली

प्रिय ताई,

तू पाठवलेला लिलीचा गुच्छ मी दारातूनच परत पाठवला. तीन वर्षांच्या अबोल्यानंतर तू हात पुढे केलास आणि मी फुलं नाकारली, म्हणून तू भडकली असशील. भडक! पण माझी बाजू ऐक.

हल्ली माझ्याकडे मांजर आहे. लिलीचे पराग अंगावर सांडले आणि तिने ते चाटले, तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुलदाणीतलं पाणीसुद्धा घातक! डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी जिन्यात, बाजारात, भेटेल त्याला बजावतोय. शेजारीण म्हणाली, "भाऊ, पटलं हो! आता सोडा, माझं दूध उतू जाईल."

फुलवाल्यावर मात्र मी नुसताच ओरडलो, "घेऊन जा!" कारण सांगितलंच नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या निरोप समारंभात मी तुझ्याच संस्थेवर तोंडसुख घेतलं आणि आपला अबोला सुरू झाला, तेव्हाही असंच झालं. जगाला तासभर समजावतो, पण तुझं मन दुखावून साधी माफी मागत नाही.

फोन तू उचलणार नाहीस आणि पत्राला चार दिवस लागतील. तेवढा वेळ तू रडत बसावंस, हे मला मुळीच मान्य नाही. म्हणून पत्र खिशात घालून मीच निघतोय. दार उघडलंस की 'चुकलो' म्हणेन आणि गप्प बसेन. घड्याळ लावून बघ!

तुझा वाचाळ धाकटा