एक बाजार, एक स्कॅनर आणि मी

५ जानेवारी, सोमवार

मंठ्याच्या बाजारात आता दहा रुपयांची कोथिंबीर गुपचूप घ्यायची सोय राहिलेली नाही. आज गिरिजाबाईच्या भाजीच्या गाडीवर स्कॅन करून पैसे भरले आणि तिचा तो साउंडबॉक्स घसा फाडून ओरडला, दहा रुपये प्राप्त झाले! पलीकडच्या गाडीवरची माणसं वळून पाहायला लागली. त्यात आमच्या गल्लीतल्या चांगुणाबाई. त्यांनी विचारलं, "दहाचीच?"

मी आयुष्य पोस्टात काढलं. किती मनीऑर्डरी हातून गेल्या असतील. एकही चौकात उभी राहून ओरडली नाही.

संकल्प: हे बंद पाडायचं.

६ जानेवारी, मंगळवार. सकाळी

देशात पेमेंटचे नियम जिथे कुठे होतात, तिथे इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य फार छान झालं. दुसऱ्यासाठी डिक्शनरी शोधते आहे.

दुपारी

डिक्शनरी सापडली नाही. पेपरात लेख सापडला. पेमेंट सिस्टिमवर देखरेख करणाऱ्यांनी आपल्याच लोकांचं ऐकत बसू नये, बाहेरच्या, स्वतंत्र, कोणाच्या मिंध्या नसलेल्या जाणकारांचं सल्लागार मंडळ नेमावं, असं त्यात लिहिलं आहे. बाहेरची, स्वतंत्र, कोणाची मिंधी नसलेली, जाणकार.

लेखकाला माझा पत्ता माहीत नसावा.

८ जानेवारी, गुरुवार

भाजी विक्रेता मंडळाचा अध्यक्ष मच्छिंद्र घरी आला. चप्पल बाहेर काढली, मॅडम म्हणाला. (बाजारातले बाकी सगळे मला 'पोस्टाच्या बाई' म्हणतात. जणू मी तिथली पेटी आहे.) त्यांच्या मंडळाला 'एक बाजार, एक स्कॅनर' योजना आणायची आहे. प्रत्येक गाडीवर वेगळा कोड नको, सगळ्यांच्या गाडीवर मंडळाचा एकच. पैसे मंडळाच्या पतसंस्थेतल्या खात्यात जमा होतील आणि आठवड्याने ज्याचे त्याला मिळतील. पतसंस्था म्हणते, आधी एखाद्या स्वतंत्र सल्लागार समितीचा होकार आणा. म्हणून तो माझ्याकडे आला.

मी विचारलं, मीच का? तो म्हणाला, "मॅडम, आख्ख्या मंठ्यात तुमच्याएवढं सोतंत्र कोणीच न्हाई. तुमचं कोणाशीच पटत न्हाई."

माणसाला निरीक्षणशक्ती आहे.

संकल्प: चहासुद्धा त्यांचा घ्यायचा नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

बातमी बाजारात पोचलेली दिसते. गिरिजाबाईने आज मेथीच्या जुडीला हात लावायच्या आत मलाच धरलं. "बाई, तुम्ही त्या कमिटीत हायत म्हणं. मंग माझं येवढं एकच सांगा. माझा कोड माझ्याकडंच राहू द्या. आज इकलं की आज खात्यात पडतं, अन् पहाटं लिलावात त्याच पैशाचा माल घेते मी. आठ दिवसांनी देऊन राह्यले तं लिलावात काय दाखवू? तोंड?"

मी तिला सांगितलं की समिती अगदी अशाच दुर्बल घटकांसाठी असते. ती म्हणाली, दुर्बल कोण? रोज पहाटे पोतं मीच उचलते. मी म्हणाले, तो एक शब्द असतो. वचन दिलं. घरी येऊन अहवालाचा आराखडा केला. गिरिजाबाई: प्रकरण नववं. आधी पाया भक्कम हवा, म्हणून आठ प्रकरणं.

१२ जानेवारी, सोमवार

समितीची रचना. स्वातंत्र्याचे निकष मी स्वतः लिहिले. बाजारात ज्याची गाडी आहे तो बाद. ज्याच्या नातेवाइकाची आहे तो बाद. ज्याचं पतसंस्थेत खातं आहे तो बाद. बाजारात ज्याची उधारी आहे तो बाद. संध्याकाळपर्यंत मंठ्यात मी आणि राजानंद गुरुजी एवढेच उरलो. गुरुजी चित्रकला शिकवायचे. त्यांना कशातच रस नाही, म्हणजे हितसंबंधही नाहीत.

तीन माणसं लागतातच, असं मच्छिंद्र म्हणाला आणि अप्पारावांचं नाव सुचवलं. अप्पाराव त्याचे सासरे. मी साफ नाही म्हणाले. मग अप्पाराव स्वतः भेटायला आले. माझं इंग्रजी ऐकून, अशी भाषा निजामाच्या काळानंतर ऐकली नाही, असं म्हणाले. (त्यांचा जन्म त्यानंतरचा आहे. पण भावना समजून घ्यावी.) सासरा हे काही रक्ताचं नातं नव्हे. अप्पाराव सदस्य. मी अध्यक्ष.

१४ जानेवारी, बुधवार

पहिली बैठक, मंडळाच्या ऑफिसात. संक्रांतीचा तिळगूळ होता. तो न घेणं अशुभ, म्हणून घेतला. चहा घेतला नाही. नंतर घसा बसला म्हणून घेतला.

माझ्या टेबलावर नावाची पाटी होती आणि खुर्चीवर उशी. बाकी दोघांना प्लास्टिकच्या खुर्च्या.

विषय पहिला, समितीचं नाव. अप्पाराव म्हणाले 'सल्लागार समिती'. मी म्हणाले 'स्वतंत्र सल्लागार समिती'. राजानंद गुरुजी म्हणाले, स्वतंत्र आहोत तर लिहायचं कशाला? त्यावर दोन तास चर्चा. स्वतंत्र राहिलं. विषय दुसरा, लेटरहेडचा रंग. गुरुजी पहिल्यांदाच जागे होऊन बोलले. निळा ठरला.

पुढच्या वेळी मूळ विषय.

१९ जानेवारी, सोमवार

दुसरी बैठक. पतसंस्थेचे मॅनेजर धर्मराज योजना समजावायला आले. तरुण आहे, नम्र आहे, टाय लावतो. त्याने फार सोपं करून सांगितलं. बाजाराचा सगळा पैसा आठ दिवस पतसंस्थेत राहतो, फिरतो, त्याचं व्याज होतं, त्यातला वाटा मंडळाला. मी विचारलं, विक्रेत्यांना त्यातलं काय? तो म्हणाला, "शिस्त, मॅडम."

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. किती वर्षांनी हा शब्द कोणी माझ्यासमोर उच्चारला! आठ दिवसांबद्दल विचारायचं होतं, पण ते प्रकरण नऊमध्ये येतं. आपण अजून दोनमध्ये आहोत. क्रम मोडला तर समितीत आणि बाजारात फरक काय राहिला?

साउंडबॉक्सच्या आवाजाचा मुद्दा मात्र मी मांडला. नागरिकाची खाजगी बाब, चांगुणाबाईंचा प्रसंग (नाव न घेता), मनीऑर्डरीचा इतिहास. मच्छिंद्र म्हणाला, बिलकुल मान्य, आवाज एकदम कमी करून टाकू. इतक्या चटकन कबूल झाला की मला माझ्याच बोलण्याचा धाक वाटला.

भाजीची पिशवी घरी पोचवलेली आहे. पाहणीसाठी नमुना म्हणून. वांगी चांगली निघाली.

२० जानेवारी, मंगळवार

गिरिजाबाईने विचारलं, माझं काढलं का? मी तिला स्ट्रॅटेजी समजावून सांगितली. आधी छोट्या गोष्टी मान्य करून घ्यायच्या, समोरच्याला हो म्हणायची सवय लावायची, मग मोठा मुद्दा टाकायचा. ती म्हणाली, "सवय त्याला लागून राह्यली का तुम्हाला?"

शिक्षण नसलं की स्ट्रॅटेजी कळत नाही. तरी तिला सांगितलं, शुक्रवारी शेवटच्या बैठकीला ये, तुझ्या तोंडाने मांड. विषयपत्रिकेत तिचा मुद्दा शेवटी घातला आहे: 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. परवानगी द्यायची ती मलाच. म्हणजे काळजीच नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार. रात्री

आजचा दिवस विसरणार नाही.

गर्दी झाली होती. गिरिजाबाई वेळेच्या आधीच आली, दारापाशी उभी राहिली. गाडी शेजारणीकडे सोडून आली होती. मी हातानेच खूण केली, थांब.

मच्छिंद्रने सुचवलं, एकेक शिफारस कशाला, समितीच्या सगळ्या शिफारशी आणि योजना एकाच ठरावात मंजूर करू. आणि ठराव मॅडमनीच मांडावा. इंग्रजीत मांडला तर पतसंस्थेच्या वरच्या ऑफिसात वजन पडेल. मी तयारी करून गेले नव्हते. (भाषण पर्समध्ये होतं ते निराळ्या विषयावरचं, त्याची सुरुवात आणि शेवट वापरला.) पेमेंट सिस्टिमचं नियमन आणि स्वतंत्र विवेकबुद्धी, या विषयावर बोलले. ऑफिसात एवढी शांतता कधी झाली नसेल. धर्मराजने मान डोलावली. ठराव टाळ्यांच्या गजरात पास. त्यातली एक टाळी राजानंद गुरुजींची. ते दचकून उठले आणि सगळे वाजवताहेत म्हणून वाजवली.

मग आयत्या वेळचे विषय. तेवढ्यात भजी आली. मच्छिंद्र म्हणाला, मॅडम, गरम आहेत तोवर. मी गिरिजाबाईकडे पाहिलं. ती काहीतरी बोलली, पण गलक्यात नीट ऐकू आलं नाही. मी सभा संपल्याचं जाहीर केलं. नियमाप्रमाणे ते अध्यक्षालाच करावं लागतं.

भजी बटाट्याची होती. बाहेर येऊन पाहिलं तर ती गेली होती. थोडी थांबायला हवी होती.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर योजनेचं उद्घाटन. बाजाराच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स: 'स्वतंत्र सल्लागार समितीच्या एकमुखी शिफारशीनुसार'. माझा फोटो मच्छिंद्रच्या फोटोच्या खाली, अप्पारावांच्या फोटोएवढा. शाल, नारळ.

प्रत्येक गाडीवर मंडळाचा एकच कोड. जुने कोड एका पोत्यात भरून नेले. साउंडबॉक्सही सगळे काढले. आता एकच आहे, मंडळाच्या ऑफिसात, दार लावून. बाजारात पूर्ण शांतता. एका समितीने दोन आठवड्यांत हे करून दाखवलं, हे कुठेतरी छापून यायला हवं.

शाल थोडी टोचते. धुतली की मऊ पडेल.

२८ जानेवारी, बुधवार

गिरिजाबाईच्या गाडीवर फक्त शेपू आणि थोडी कोथिंबीर. मी विचारलं, मेथी नाही? ती म्हणाली, "इकली ती सगळी तुमच्या खात्यात गेली." मी सांगितलं, माझं खातं नाही ते, मंडळाचं आहे. ती म्हणाली, "भाषण तं तुमचं व्हतं."

तिला समजावलं की मी ठराव फक्त मांडला. मांडणं वेगळं, मंजूर करणं वेगळं. सल्लागाराची भूमिका सल्ल्यापुरतीच असते. शेजारची बाई हसली. का ते कळलं नाही.

संकल्प: प्रकरण नऊ पुरवणी अहवाल म्हणून स्वतंत्र काढायचं.

२ फेब्रुवारी, सोमवार

पुरवणी अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं. उत्तम झालं आहे.

राजानंद गुरुजींकडे सहीला गेले. त्यांनी विचारलं, कशावर? मी म्हणाले, समितीच्या भिन्नमतावर. गुरुजी म्हणाले, "समितीला मत व्हतं?" म्हातारपणाचा परिणाम. सही केली मात्र, खाली एक छोटं फूलही काढून दिलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मच्छिंद्रला पुरवणी अहवाल द्यायला गेले. ऑफिसात उशी दिसली नाही. नावाची पाटी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेली होती. मला पाहून त्याने ती उचलली, पुसली, टेबलावर ठेवली. तेवढी रीत आहे त्याला.

तो म्हणाला, बराबर आहे तुमचं, मॅडम. पण तुमच्याच ठरावात लिहिलंय, सहा महिने बदल करायचा नाही. मी विचारलं, हे कधी लिहिलं? तो म्हणाला, तुम्ही इंग्रजीत बोलत होता तेव्हा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाजारात गेले नाही. पाय दुखत होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाय बरा आहे. तरी गेले नाही. घरात डाळी भरपूर आहेत. कामवाली चार दिवसांपासून येत नाही, लेकीकडे परतूरला गेली ती गेलीच. भांडी साठली आहेत. स्वतःच्या घरातलं नियमन आधी हातात घ्यायला हवं.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

सातलाच कडी वाजली. दारात गिरिजाबाई. म्हटलं, आली शेवटी. राग काही कायम राहत नाही. पुरवणी अहवालाचं तिला कोणी सांगितलं असेल. मी आत जाऊन चष्मा पुसला, केस सारखे केले, अहवाल घेऊन आले.

ती म्हणाली, गाडी विकली. लिलावात हातात पैसा असल्याशिवाय कोणी माल उचलू देत नाही, आणि रिकाम्या गाडीच्या जागेचं भाडं द्यायचं तर कशातून? आता घरकाम धरलंय. चांगुणाबाईंकडचं कालपासून सुरू केलं. त्याच म्हणाल्या, पोस्टाच्या बाईंकडे भांड्याला कोणी नाही.

मी तिला सांगितलं की सहा महिन्यांनी आढावा होणार आहे आणि त्या वेळी मी जातीने...

"पगार महिन्याला नको बाई. रोजच्या रोज हातात द्या. तेवढं जमन का?"

मी म्हणाले, विचार करून कळवते.

ती म्हणाली, "करा की. फक्त एकटीनंच करा."

उद्यापासून यायचं ठरलं आहे.