वणीच्या गाडीवरची जन्मवेळ

तात्या, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नका. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. गेलेल्या बापाला जाब विचारू नये म्हणतात, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो. पण आता माझ्या एका शब्दासाठी घरात लग्न अडलंय, आणि तो शब्द काही केल्या तोंडातून निघत नाही.

माझी नात, म्हणजे तुमची पणती, इथे नाशकात औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. मालेगावकडचा एक मुलगा तिनं स्वतः पसंत केलाय. मुलगा चांगला, माणसंही चांगली. पण सूनबाईनं पत्रिका दाखवल्या आणि गुरुजी म्हणाले, एकनाड आहे, मुलंबाळं धड होणार नाहीत. माझा मुलगा मोकळा झाला. म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." मी गुरुजींना विचारलं, हे खरंच शास्त्र आहे का हो? ते म्हणाले, "काका, पंचांगातलं ग्रहण कधी चुकलंय?" मला पटलं. घरी येऊन पोरीला तेच ऐकवलं, तर म्हणाली, "आजोबा, ग्रहण कधी लागणार हे गणित झालं. माझं बाळ कसं होणार, हे कुठलं गणित?" मग विचारते, "तुमची जन्मवेळ कुणी लिहून घेतली?"

"माझ्या वडिलांनी सांगितली भटजींना."

"घरात घड्याळ होतं?"

नव्हतं. सुईण बाहेर आली तेव्हा फाट्यावर वणीची गाडी उभी होती. ती सकाळी साडेसातला यायची, म्हणून माझा जन्म साडेसातचा. पोरगी इतकी हसली की कपातला चहा सांडला. "म्हणजे तुमचा शनी एसटीनं आला!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

कारण त्या गाडीच्या वेळेवर मांडलेल्या पत्रिकेत माझं आयुष्य गेलं, तात्या. सातवीचा निकाल लागलाय. मास्तर सायकल लावून ओट्यावर बसलेत. "पोराला दिंडोरीच्या शाळेत घाला, मी स्वतः नेऊन नाव घालतो." तुम्ही तंबाखू मळताय. वर न बघता म्हणता, "मास्तर, याच्या पत्रिकेत विद्याच नाय. उगं कशाला दमवायचं पोराला?" मास्तर म्हणतात, "पत्रिकेत नसेल, डोक्यात आहे ना!" तुम्ही हसलात, त्यांना चहा पाजलात, आणि मला मामाच्या पिठाच्या गिरणीवर बसवलंत. आईनं भाकरी बांधून दिली. पुढे मी कधी पेपर वाचत बसलेला दिसलो की तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "भटजी बोलले तेच झालं बघा. सातवीच्या पुढं गेला नाय." गेलो नाही, की जाऊ दिलं नाहीत?

परवा कुणाला न सांगता पंचवटीत दुसऱ्या एका ज्योतिषाकडे गेलो. तारीख माझीच दिली, वेळ तेवढी तासभर पुढची सांगितली. पत्रिका कुणाची ते बोललो नाही. त्यानं लॅपटॉपवर बोटं चालवली आणि खूश झाला. "वा! विद्यास्थान भक्कम आहे. प्राध्यापक का हे?"

"नाही. गिरणीवर दळण दळायचे."

त्याचा चेहरा जरासुद्धा पडला नाही. म्हणाला, "मग वेळ चुकीची दिली असेल तुम्हाला."

एवढं कानांनी ऐकूनही घरी आलो आणि पोरीला 'हो' म्हणालो नाही. तिचा चेहरा बघून आत गेलो आणि पाणी प्यायलो. उद्या तिला काही झालं तर सगळे माझ्याकडेच बघतील, ही भीती जात नाही. तुम्हालाही अशीच भीती वाटली होती का, की नुसता गिरणीवर माणूस हवा होता?

ती गाडी नेहमी उशिरा यायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या दिवशी वेळेवर होती का, तेवढंच सांगा. वेळेवर होती म्हणालात, तर भटजी खरे ठरले, मग मला पोरीला 'नाही' म्हणावं लागेल. उशिरा होती म्हणालात, तर तिला लगेच 'हो' म्हणेन. पण मग तुमच्याशी यापुढे काय बोलायचं, ते मला कळत नाही. मुलाकडचे रविवारी यायचेत. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं असतं, तेही मला ठाऊक नाही. तरी लवकर कळवा.